केसगळतीवरचं संशोधन: कुठल्या टकलावर तपासलं, कुठल्या टकलाला विकलं?

खलबत्ता

"कांद्याच्या रसाने ८७ टक्के लोकांचे केस परत उगवले, संशोधनाने सिद्ध!" हे वाक्य तुमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अजून आलं नसेल, तर तुमचे नातेवाईक फारच सज्जन आहेत. मी फार्मसी कॉलेजात शिकवतो. शेवटच्या वर्षाच्या मुलांचा एक तरी गट प्रोजेक्टला 'हर्बल हेअर ऑइल' घेऊन येतोच, त्यामुळे या विषयातले मूळ पेपर वाचणं ओघानेच आलं. इथे इकडच्यातिकडच्या धाग्यांवर यावर बरंच बोललं जातं, म्हणून एकाच जागी काढतोय. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तिथे कान धरावा.

त्या ८७ टक्क्यांपासूनच सुरुवात करू. आकडा खोटा नाही. बगदादच्या शर्की आणि अल-ओबैदी या डॉक्टरांचा २००२ सालचा पेपर आहे. २३ जणांना दिवसातून दोनदा कांद्याचा कच्चा रस लावला, १५ जणांना नळाचं पाणी. सहा आठवड्यांनी रसवाल्यांपैकी २० जणांचे केस उगवले होते, पाणीवाल्यांपैकी आठ आठवड्यांनीही दोघांचेच. वाचून कुणीही मंडईकडे धावेल. पण हे सगळे रुग्ण चाई पडलेले होते. चाईत आपलीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उठते आणि डोक्यावर, दाढीत रुपयाएवढी गुळगुळीत चकती पडते. यातल्या बऱ्याच चकत्या काही महिन्यांत आपोआप भरूनही येतात. शिवाय कुणाला रस लावलाय आणि कुणाला पाणी, हे त्या खोलीत कुणापासून लपलं असेल असं वाटत नाही.

आता कांद्याचा शांपू विकत कोण घेतो? कपाळाचे दोन कोपरे मागे सरकू लागलेला तिशीचा गडी. त्याचं टक्कल वेगळं. ते वंशाने आणि संप्रेरकांनी येतं, त्यात मुळं हळूहळू बारीक होत जातात. बगदादच्या प्रयोगात त्याच्यासारखा एकही माणूस नव्हता.

तेव्हा या धाग्यावर कुठलाही उपाय मांडताना एवढं जरूर सांगा: तो कुठल्या प्रकारच्या केसगळतीवर तपासलाय? उंदरावर का माणसावर? शेजारी तुलनेला काय ठेवलं होतं?

टक्कलसम्राट

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. माझ्या डोक्यावर आजवर एकच उपाय लागू पडला: टक्कल पडायच्या आत लग्न झालं.

(हलके घ्या.)

लीलाकाकू_सांगली

आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तेल घरीच होतं. माका, जास्वंदीची पानं, कढीपत्ता, वडाच्या कोवळ्या पारंब्या, थोडे मेथीदाणे. माका ताजा मिळाला तर त्याचा रसच काढायचा. सगळं खोबरेल तेलात घालून अगदी मंद आचेवर ठेवायचं. घाई केली की पाला करपतो आणि तेलाला जळका वास लागतो, तो महिनाभर डोक्यातून जात नाही. तेल झालं का ते बघायची रीत: कापसाची वात त्यात बुडवून पेटवायची. तडतडली तर आत पाणी आहे, अजून ठेवा. शांत जळली की उतरवा. पाणी राहिलं तर तेल खवट होतं.

माझ्या सासूबाईंची वेणी ऐंशीव्या वर्षी मनगटाएवढी होती. आता यावर पेपर कुठला आणू बाई?

खलबत्ता

काकू, वातीची परीक्षा वाचून जीव सुखावला. आमच्या लॅबमध्ये याच कामासाठी महागाचं यंत्र आहे आणि ते बहुतेक वेळा बंद असतं.

खोबरेल तेलावर पेपर आहे, आणि तोही मुंबईचा. आरती रेळे आणि मोहिले यांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली. धुताना, विंचरताना केसातलं प्रथिन झिजतं. ती झीज फक्त खोबरेल तेलाने ठळकपणे कमी झाली. त्यातल्या लॉरिक आम्लाचा रेणू आखूड आणि सरळ, म्हणून तो केसाच्या आत शिरू शकतो. बाकीची दोन तेलं बाहेरच राहतात. हे संशोधक खोबरेल तेल विकणाऱ्या मॅरिकोचेच होते हेही सांगायला हवं, पण रसायन पटण्यासारखं आहे.

मात्र हा सगळा मामला केसाच्या दांड्याचा. दांडा म्हणजे मेलेला भाग. तेलाने केस तुटायचे थांबतात, म्हणून वेणी जाड राहते. मुळातून गळणारा केस तेलाने थांबतो, असं तो पेपर कुठेही म्हणत नाही.

माक्यावरही काम झालंय. मध्य प्रदेशातल्या सागरच्या रॉय, ठाकूर आणि दीक्षित यांनी २००८ मध्ये उंदरांवर माक्याचा अर्क लावला आणि टकलावर लावायच्या मिनॉक्सिडिल या औषधाशी तुलना केली. निकाल चांगले आले. जास्वंदीच्या पानांवरही असाच प्रयोग आहे, त्यात फुलापेक्षा पानाचा अर्क सरस ठरला, म्हणजे काकूंची पानं बरोबर. अडचण एवढीच की पाठीवरचे केस भादरलेल्या निरोगी उंदराला टक्कल पडलेलं नसतं. त्याचे केस तसेही उगवणारच असतात, आपण फक्त चार दिवस आधी उगवले का ते मोजतो. त्यावरून कपाळाचे कोपरे भरतील असं म्हणणं म्हणजे फार लांबची उडी.

माका_ब्राह्मी

मी वैद्य आहे, नगरला प्रॅक्टिस करते. धागाकर्त्यांनी मांडलेला प्रश्न आयुर्वेदाला नवा नाही, म्हणून थोडं लिहिते.

सुश्रुताने इंद्रलुप्ताची, म्हणजे केस झडण्याच्या रोगाची, संप्राप्ती (तो कसा होतो ते) दिली आहे: वातासह बिघडलेलं पित्त रोमकूपात, म्हणजे केसांच्या छिद्रांत, जातं, केस पाडतं, मग रक्तासह कफ ती छिद्रं बंद करतो आणि नवे केस येत नाहीत. सुश्रुत इंद्रलुप्त आणि खालित्य ही एकाच रोगाची नावं धरतो. वाग्भट मात्र इथे फरक करतो. त्याच्या मते खलतीचा उगम तसाच, पण त्यात केस क्रमाक्रमाने जातात. म्हणजे एकदम पडलेली चकती वेगळी आणि हळूहळू विरळ होणारं डोकं वेगळं, हे निरीक्षण ग्रंथात आहे. आज भृंगराज (म्हणजे माका) तेलाच्या बाटलीवर 'सर्व प्रकारच्या केसगळतीवर' असं छापतात ते वाग्भटाच्या नावावर खपवू नये.

इंद्रलुप्ताच्या चिकित्सेत जागा किंचित खरवडून, रक्त काढून त्यावर गुंजेचा लेप सांगितला आहे. हे घरी कुणीही करू नका. गुंजेच्या बीत अ‍ॅब्रिन नावाचं जहाल विष असतं. हस्तिदंताची मषी (जाळून केलेली काळी राख) हीही ग्रंथात आहे, पण आज ती करायला गेलात तर वनखातं दारात येईल.

माझ्या अनुभवात नस्य (नाकात औषध सोडणं) आणि शिरोभ्यंग (डोक्याला तेल चोळणं) केलं, आहार आणि झोप सुधारली की तात्पुरती गळती लवकर आटोक्यात येते. अनुवंशिक टकलात मी रुग्णाला मोठी आशा दाखवत नाही.

डर्मा_डोंबिवली

वैद्यबाईंशी सहमत, आणि गुंजेच्या लेपावरून एक गंमत सांगतो. चाईसाठी आम्हीही मुद्दाम खाज आणणारं औषध वापरतो. डायफेनसायप्रोन नावाचं रसायन आधी त्वचेला 'ओळख' करून देतो, मग अगदी सौम्य करून चाईवर लावतो. तिथे ॲलर्जीची सूज येते आणि प्रतिकारशक्तीचं लक्ष केसांच्या मुळांवरून दुसरीकडे वळतं, असा समज आहे. कांद्याचा रसही बहुधा असाच त्वचेला चावत असावा. पण त्यासाठी कांदा डोक्यावर चोळून लोक पुरळ घेऊन ओपीडीत येतात, तेव्हा हसू का रडू कळत नाही.

मोठ्या प्रमाणावर पसरलेल्या चाईसाठी आता गोळ्या आहेत. अमेरिकेत बॅरिसिटिनिबला २०२२ मध्ये आणि रिटलेसिटिनिबला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. प्रतिकारशक्तीवर थेट काम करणारी औषधं आहेत. क्षयाची आणि इतर संसर्गांची तपासणी केल्याशिवाय देत नाहीत.

ओपीडीत पहिल्या पाच मिनिटांत काय करतो ते सांगतो. साधारण पन्नास केसांची बट अंगठा आणि दोन बोटांत धरून मुळापासून टोकाकडे हलकेच ओढतो. पाचसहापेक्षा जास्त केस हातात आले तर गळती चालू आहे. आलेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका असेल तर तो केस विश्रांतीच्या अवस्थेतला, गळायचाच होता. (पेशंट हाच ठिपका दाखवून "डॉक्टर, मूळच उपटून आलं" म्हणून रडवेले होतात. मूळ आतच असतं.) मग भिंगातून भांग बघतो. एकाच ठिकाणी जाड आणि बारीक केसांची सरमिसळ दिसली तर ते वंशाचं टक्कल. चकतीच्या कडेला उद्गारचिन्हासारखे, खाली निमुळते आखूड केस दिसले तर चाई. त्वचा तुळतुळीत होऊन छिद्रंच दिसेनाशी झाली असतील तर व्रण पडणारा प्रकार. तिथे वेळ घालवायचा नाही, कारण गेलेलं मूळ परत येत नाही.

अनघा_च

मला सप्टेंबरात डेंगी झाला. डिसेंबरात केस इतके गळायला लागले की नहाणीघराची जाळी रोज साफ करावी लागते. पार्लरवाल्या ताईंनी बायोटिन सांगितलं, मैत्रिणीने पीआरपी (आपल्याच रक्तातला भाग काढून डोक्यात टोचतात ते), आईने काकूंसारखं तेल. डॉक्टर, मला टक्कल पडेल का हो?

डर्मा_डोंबिवली

अनघाताई, नाही. तुम्ही दिलेल्या महिन्यांतच निदान आहे. मोठा ताप, टायफॉइड, कोविड, बाळंतपण, शस्त्रक्रिया, उपासतापासाचं कडक डाएट, यातल्या कशाचाही धक्का बसला की बरेचसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात. ही अवस्था सुमारे तीन महिन्यांची. म्हणून ताप उतरल्यावर दोनतीन महिन्यांनी केस भसाभस गळतात. तोवर माणूस ताप विसरलेला असतो आणि दोष शांपूला किंवा नव्या गावच्या पाण्याला देतो.

एरवीही दिवसाला ५० ते १०० केस गळतातच. डोक्यावर साधारण लाखभर असतात. ही गळती बहुतेकांची सहा महिन्यांत थांबते. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉईड तपासून घ्या; कमी असेल ते भरून काढा. पीआरपीची गरज नाही.

आणि खरी गोची इथे आहे: ही गळती आपोआप थांबते, त्यामुळे त्या काळात जे काही लावाल त्याला यश मिळतं. तेल, बायोटिन, होमिओपॅथीच्या गोळ्या, कुलदैवताचा अंगारा, सगळे शंभर टक्के गुणकारी.

खलबत्ता

बायोटिनबद्दल पुस्ती जोडतो. खरी कमतरता विरळा. पण जास्त मात्रेच्या बायोटिनमुळे रक्ताच्या काही तपासण्या चुकतात. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०१७ मध्ये इशारा दिला होता, कारण हृदयविकाराचा झटका ओळखायची ट्रोपोनिन तपासणी खोटी कमी येऊ शकते. थायरॉईडचेही आकडे बिघडतात. म्हणजे अनघाताई, बायोटिन चालू ठेवून थायरॉईड तपासलं तर नवंच लचांड मागे लागेल. तपासणीआधी लॅबला जरूर सांगा.

वऱ्हाडी_ठेचा

केस म्हटले का आमच्या बुलढाण्याची आठवण काढल्याशिवाय हा धागा पुरा होत नाही भाऊ. २०२४चा डिसेंबर सरता सरता शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांच्या डोक्याला खाज सुटली, केस राठ झाले अन् तीनचार दिवसांत हातात यायला लागले. नुसता हात फिरवला तरी पुंजका निघे. म्हातारे, पोरं, कॉलेजातल्या पोरी, कोणी सुटलं नाही. कित्येकांनी सरळ चकोट केला. टीव्हीवाल्यांनी 'टक्कल व्हायरस' नाव देऊन टाकलं, मग काय, सोयरिकीला लोक यायला तयार नाहीत. पोरीबाळींना जे ऐकावं लागलं ते इथं लिहवत नाही.

पहिले म्हणाले बुरशी, मग म्हणाले पाणी, पाण्यात नायट्रेट जास्त निघालंही. आयसीएमआरचं पथक आलं. शेवटी महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, तेच विंचूदंशावाले, ते स्वतः गावात येऊन गेले. त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. गव्हात सेलेनियम किलोला १४.५२ मिलिग्रॅम, जे १.९ च्या आत पाहिजे होतं. लोकांच्या रक्तात, लघवीत, केसांतही कितीतरी पट जास्त, अन् जस्त कमी. गहू पंजाबातून आलेला. १८ गावांतली २७९ माणसं, असा त्यांचा आकडा. पुढं एप्रिलात काहींची नखंही गळाली.

डोकं तेलानं चोपडून काय होणार होतं इथं? ताटातला गहू बदलणं हेच औषध होतं. बऱ्याच जणांचे केस परत आलेही.

खलबत्ता

वऱ्हाडीभाऊ, बरं झालं लिहिलंत. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याशी, नवांशहर-होशियारपूरकडच्या काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे हे मातीवाल्यांना बरीच वर्षं ठाऊक आहे. केस आणि नखं एकत्र जाणं ही सेलेनियमच्या विषबाधेची जुनी खूण.

आणि यातली विटंबना बघा. 'केसांसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी कॅप्सूलमध्ये सेलेनियम मुद्दाम घातलेलं असतं. अमेरिकेत २००८ मध्ये एका द्रवरूप टॉनिकमध्ये ते चुकून सुमारे दोनशे पट जास्त पडलं. दोनशेहून अधिक लोक आजारी पडले आणि त्यातल्या बहुतेकांचे केस गळले. शरीराला कणभर लागतं म्हणून मणभर घ्यायचं नसतं.

बंड्या_हिंजवडी

आता माझ्या गरीबाकडे बघा. वय २७, बाबा आणि दोन्ही काका चकचकीत. डॉक्टरांनी ५ टक्के मिनॉक्सिडिल दिलं, लावायला लागल्यावर केस आणखीच गळायला लागले. फिनास्टेराइड या टकलावरच्या गोळीबद्दल नेटवर वाचलं तर घाम फुटला. सोडू का सगळं? आणि रोझमेरीचं तेल मिनॉक्सिडिलइतकंच चालतं म्हणतात, ते खरं का?

खलबत्ता

बंडोपंत, रोझमेरी आधी. २०१५चा इराणचा पेपर, पनाही आणि सहकारी. १०० पुरुष, निम्म्यांना रोझमेरी, निम्म्यांना मिनॉक्सिडिल, आणि तेही २ टक्क्यांचं. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत सारखाच फरक, हे खरं. पण दोन्हीकडची वाढ अगदीच किरकोळ होती आणि नुसतं साधं तेल लावणारा तिसरा गट नव्हताच. दोन मुलांना सारखे मार्क पडले, पण दोघंही काठावर पास, असा तो निकाल आहे. तुम्हाला दिलेलं ५ टक्क्यांचं औषध वेगळ्या चाचणीतलं. २००२ मध्ये एलिस ओल्सेन आणि मंडळींनी ३९३ पुरुषांवर ५ टक्के, २ टक्के आणि औषध नसलेलं द्रावण ताडून पाहिलं. ४८ आठवड्यांनी ५ टक्क्यांनी २ टक्क्यांपेक्षा ४५ टक्के जास्त केस उगवले.

मिनॉक्सिडिलची कुळकथाही मजेशीर. अपजॉन कंपनीचं ते रक्तदाबाचं औषध. घेणाऱ्यांच्या गालावर, हातावर, पाठीवर केस यायला लागले. ग्वेंटर कान आणि पॉल ग्रँट या कोलोरॅडोतल्या दोघा डॉक्टरांनी त्याचं द्रावण स्वतःच्या दंडावर चोळून पाहिलं, आणि पुढे त्यावरून कंपनीशी पेटंटचं भांडण झालं. केसांसाठीचं औषध म्हणून अमेरिकेत मान्यता १९८८ मध्ये मिळाली.

डर्मा_डोंबिवली

बंड्या, सोडू नकोस. सुरुवातीच्या पहिल्या दोन महिन्यांत केस जास्त गळतात, कारण विश्रांतीत बसलेल्या केसांना नवे केस बाहेर ढकलतात. माझ्याकडे येणारी निम्मी पोरं नेमकी तिथेच औषध सोडतात. चारसहा महिने दे. मात्र औषध बंद केलं की मिळवलेले केस काही महिन्यांत जातात हेही आधीच ऐकून ठेव. काहींच्या मुळांत मिनॉक्सिडिलला कामाला लावणारं सल्फोट्रान्सफरेज हे एन्झाइमच कमी असतं, त्यांना लावून उपयोग होत नाही. त्यांना हल्ली अगदी कमी मात्रेची गोळी देतात. मेलबर्नच्या रॉडनी सिंक्लेअर यांच्या कामानंतर ती पद्धत रुळली. पण ती रक्तदाबाचीच गोळी आहे; पाय सुजणं, धडधड, बायकांना गालावर लव येणं हे होतं. मनाने घेऊ नये.

फिनास्टेराइडबद्दल सविस्तर लिहितो, कारण नेटवर एकतर भीती आहे नाहीतर जाहिरात.

१९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन या शरीररचनाशास्त्रज्ञाने दाखवलं की वयात येण्याआधी वृषणं काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, आणि त्यांतल्या काहींना टेस्टोस्टेरॉन दिलं की पडायला लागतं. पुढे १९७४ मध्ये ज्युलिअ‍ॅन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सॅलिनास गावातली मुलं अभ्यासली. टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी हे आणखी जोरकस संप्रेरक करणारं एन्झाइम त्यांच्यात जन्मतः नव्हतं. मोठेपणी त्यांची प्रोस्टेट लहान राही आणि कपाळ मागे सरकत नसे. मर्क कंपनीने तोच धागा पकडला: हे एन्झाइम औषधाने अडवलं तर? त्यातून प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅमची गोळी १९९२ मध्ये आणि केसांसाठी १ मिलिग्रॅमची १९९७ मध्ये आली. दोन वर्षांनी गोळी घेणाऱ्या ८३ टक्के पुरुषांत केसांची संख्या टिकून होती, खोटी गोळी घेणाऱ्यांत २८ टक्क्यांत.

दुष्परिणाम: त्या चाचण्यांत लैंगिक तक्रारी ३.८ टक्के पुरुषांत, खोट्या गोळीवर २.१ टक्के. इटलीत मोंडाइनी यांनी २००७ मध्ये प्रोस्टेटच्या रुग्णांवर वेगळाच प्रयोग केला. निम्म्यांना या दुष्परिणामांची आधी कल्पना दिली, निम्म्यांना नाही. कल्पना दिलेल्यांत ४३.६ टक्क्यांनी तक्रार केली, दुसऱ्या गटात १५.३. म्हणजे धास्तीचाही वाटा मोठा आहे. पण म्हणून सगळ्या तक्रारी मनाचे खेळ ठरत नाहीत. युरोपच्या औषध नियामकाने २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम म्हणून मान्य केला. आधी नैराश्य होऊन गेलं असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं, आणि गोळी चालू असताना मन उदास होत असेल तर ती थांबवून भेटायला हवं.

आणखी दोन गोष्टी. गर्भवती बाईने चुरलेली गोळी हाताळायची नाही, पोटात मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. आणि या गोळीने प्रोस्टेटची पीएसए तपासणी जवळजवळ निम्मी येते. तुझ्या बाबांनी तुझ्या डब्यातून गोळी घ्यायला सुरुवात केली असेल तर त्यांच्या डॉक्टरला कळू दे.

बंड्या_हिंजवडी

बाबा नाही घेत, पण धाकटे काका विचारत होते. 😀 धन्यवाद डॉक्टर, मिनॉक्सिडिल चालू ठेवतो. गोळीचं बोलून ठरवतो.

न्यूजर्सीकर

मी हेअर ट्रान्सप्लांट करून आलोय, इस्तंबूलला. निकाल ठीक आहे. पण जाहिरातीत ज्या सर्जनचा फोटो होता ते फक्त कपाळावर रेघ आखायला आले, पुढचं सगळं टेक्निशियननी केलं. भारतात कसं आहे?

डर्मा_डोंबिवली

सगळीकडे तेच. या शस्त्रक्रियेचा पाया १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या ओरेंट्रायक यांनी घातला: मागचा केस पुढे लावला तरी तो मागच्याच स्वभावाने वाढतो. त्यामुळे लावलेले केस टिकतात. पण आजूबाजूचे मूळ केस गळतच राहतात, म्हणून औषध सुटत नाही, हे विकताना कुणी सांगत नाही. विशी-बाविशीत घाईने केलं तर चाळिशीत पुढे एक बेट आणि मागे ओसाड रान असं दिसतं.

आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं की वर्कशॉप किंवा यूट्यूब बघून हे करता येणार नाही, शिक्षण घेतलेला डॉक्टरच हवा. तरी गल्लीबोळात चालू आहे. भूल कोण देणार, ॲलर्जी आली तर काय सोय आहे, हे दोन प्रश्न विचारा. उत्तराला टाळाटाळ झाली तर उठून या.

काळाकोट

अवांतर, पण कामाचं. औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांत 'शेड्यूल जे' नावाची यादी आहे. जे आजार बरे करण्याचा दावा कुठल्याही औषधाने करू नये, त्यांची ती यादी. कर्करोग, मोतीबिंदू यांच्या पंगतीत 'टक्कल' आणि 'केसांचा रंग बदलणं व नवे केस उगवणं' हेही तिथे बसलेले आहेत. शिवाय १९५४ चा जादुई उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आहेच. म्हणून जाहिराती 'केस उगवतात' असं न म्हणता 'केसांच्या मुळांना पोषण' म्हणतात. शब्द नीट वाचा, वकिलाने तपासून दिलेले असतात.

लीलाकाकू_सांगली

सगळं वाचलं. माझं तेल मी सोडणार नाही, पण नातवाला कपाळ भरेल म्हणून आता सांगणार नाही. अनघा, तुला तेल हवं असेल तर व्यक्तिगत निरोप कर, लावायला बरं वाटतं एवढं खरं.

टक्कलसम्राट

वाचनखूण साठवली. सम्राटपद सोडण्याचा मात्र विचार नाही.

मनीमाऊ

वाचनमात्र होते, पण एक विचारायचं राहवत नाही. नवरा रात्री मिनॉक्सिडिल लावून झोपतो आणि आमची मांजर त्याच्या उशीवर, डोक्याला चिकटून झोपते. कधी कधी त्याचं डोकं चाटतेही. काही होतं का?

डर्मा_डोंबिवली

होतं. आजच थांबवा. मांजरांना मिनॉक्सिडिल अगदी थोडं पोटात गेलं तरी जिवावर बेततं. हृदय आणि फुप्फुसांभोवती पाणी साठतं. औषध झोपायच्या बरंच आधी लावून पूर्ण सुकू द्या, हात साबणाने धुवा, उशीचा अभ्रा रोज बदला आणि मांजरीला त्या खोलीतच येऊ देऊ नका. ती सुस्त वाटली, खाईना किंवा श्वास भरभर चालला तर सकाळची वाट न बघता पशुवैद्याकडे न्या, आणि औषधाचं नाव सांगा.